मल्लमार्ग व वस्ताद

खिलाडूवृत्ति हा शब्द मराठींत नवा आहे. त्याचा अर्थ सांगतांना बहुतेक लेखक इंग्रजी शाळा, क्रिकेटचें मैदान व विलायती पंच यांकडे बोट दाखवितात, आणि प्रतिस्पर्ध्याशीं नीतीनें वागण्याची कल्पना जणूं आगबोटींतून आपल्याकडे उतरली असें वाचणारास वाटूं लागतें. उलट पक्षीं कांहीं अभिमानी मंडळी, हें सर्व आपल्या पुराणांत होतें, असें म्हणून मोकळी होतात. परंतु नेमकें कोठें व काय होतें तें ग्रंथ उघडून दाखवीत नाहींत. या दोन्ही पक्षांच्या म्हणण्यानें आमचें समाधान होत नाहीं. प्रस्तुत टिपणांत आम्ही कुस्ती हा एकच खेळ घेतला आहे, कारण त्याजविषयींचा लेखी पुरावा इतर खेळांपेक्षां जुना आहे व तालमीच्या रूपानें तिची परंपराही आमच्याकडे जिवंत आहे. प्रश्न दोन आहेत. आखाड्यांतील न्यायाचे नियम किती जुने? आणि ते नियम कोवळ्या वयाच्या मल्लाच्या अंगीं उतरविण्याची जबाबदारी कोणाची समजली जात असे?

पहिल्या प्रश्नाचें सर्वांत स्पष्ट उत्तर हरिवंशांत मिळतें. विष्णुपर्वांत कंसाच्या रंगभूमीवर चाणूर व कृष्ण समोरासमोर येतात तेव्हां, ही जोड विषम आहे, अशी तक्रार जमलेल्या यादवांत उठते. भागवताच्या दशमस्कंधांतही ही तक्रार आहे. तेथें ती मथुरेच्या स्त्रियांच्या तोंडीं असून अधिक तिखट आहे. जेथें उघड अधर्म चालला आहे त्या सभेंत बसूं नये, जाणून गप्प बसणारा व विपरीत बोलणारा हे दोघेही दोषी, असें त्या म्हणतात. परंतु भागवत तक्रारीवर थांबतें. हरिवंशांतील यादव त्यापुढें जाऊन आखाड्याचा कायदाच वाचून दाखवितात. बाहुयुद्ध शस्त्रावांचून व प्राश्निकांच्या समक्ष व्हावें. प्राश्निक म्हणजे आजच्या भाषेंत पंच. दमलेल्या मल्लाचा श्रम वेळेकडे लक्ष ठेवणारांनीं पाणी देऊन घालवावा. अंगाला करीष, म्हणजे वाळल्या शेणाचा भुगा, लावावा. उभ्यानें लढणारा व भुईस गेलेला यांची रीत वेगवेगळी, व पाळी प्राश्निकांनीं ठरवावी. बाल, मध्यम, वृद्ध, कृश, बलिष्ठ अशी कक्षा पाहून मल्ल ओळखावा. आणि या सर्वांवर कळस म्हणजे हा नियम : प्रतिमल्ल पडल्यावर जाणत्यानें त्यापुढें कांहींही करूं नये. योद्ध्याची सिद्धि रणांत शस्त्रानें, मल्लाची सिद्धि रंगांत प्रतिमल्लाच्या पाडावानें. तेथेंच कुस्ती संपली.

कृष्णाच्या उत्तरांत या कायद्याची दुसरी बाजू येते. आपण बाल व समोरचा पर्वतप्राय हें तो मान्य करतो, पण आपल्या हातून मर्यादेचा अतिक्रम होणार नाहीं अशी हमी देतो, आणि चाणूरावर नेमका एक आरोप ठेवतो. यानें रंगांत स्वतःचा प्रताप गाजविण्याच्या हांवेनें अनेक मल्ल पडल्यानंतर मारले व मल्लमार्ग दूषित केला, असा तो आरोप आहे. ‘मल्लमार्ग’ हा शब्द येथें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. बळ, डाव, यश यांच्या पलीकडे मल्लाचा एक मार्ग असतो, तो एकट्याचा नसून सर्व मल्लांचा असतो, व तो एकाच्या वागणुकीनें विटाळतो, ही कल्पना त्या एका शब्दांत आली आहे. संयम, स्थिरता, शौर्य, व्यायाम, सत्क्रिया व बल अशी मल्लाच्या गुणांची यादी त्याच भाषणांत आहे. तिच्यांत संयम आरंभीं व बल शेवटीं आलें आहे. तें छंदाच्या सोयीनें आलें असेल, तथापि आम्हांस तें अर्थपूर्ण वाटतें.

हा भाग मूळ हरिवंशाचा कीं मागाहून वाढलेला, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. गोदातीरच्या कोपरगांवाहून काशीस जाऊन राहिलेल्या नीलकंठ चतुर्धरानें सतराव्या शतकांत ज्या पाठावर टीका केली त्या पाठांत तो आहे, म्हणजे इंग्रजी शाळा निघण्यापूर्वीं निदान दीडशें वर्षें तो आमच्या पंडितांच्या वाचनांत होता, एवढें या टिपणापुरतें पुष्कळ झालें. एक अडचण मात्र झांकून ठेवणें योग्य नाहीं. पडल्यावर मारूं नये हा नियम ज्या प्रसंगीं सांगितला त्याच प्रसंगीं चाणूर मारला जातो. टीकाकार व कथेकरी त्याचें समर्थन करतात व तें सर्वांच्या परिचयाचें आहे. आम्हांस देवाची वकिली करावयाची नसल्यामुळें आम्ही इतकेंच म्हणतों कीं नियमाचा भंग झाला म्हणून नियम नव्हता असें ठरत नाहीं. उलट ग्रंथकारास भंगाचें कारण देण्याची गरज वाटली, यावरूनच नियमाचें वजन दिसतें.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळल्यास महाभारतांतील एक प्रसंग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, व तो कुस्तीचा नसून गदेचा आहे. भीम व दुर्योधन हे दोघेही बलरामाचे शिष्य. दोघांचें अखेरचें युद्ध व्हावयाचें त्या वेळीं हा दोघांचा गुरु सरस्वतीकांठची तीर्थयात्रा आटोपून तेथें येऊन बसतो. भीम बळानें अधिक, दुर्योधन अभ्यासानें अधिक. शेवटीं नाभीच्या खालीं प्रहार करूं नये हा गदायुद्धाचा नियम मोडून भीम मांडी फोडतो व पडलेल्या राजाच्या मस्तकास पाय लावतो. तेव्हां बलराम नांगर उचलून आपल्याच शिष्याच्या अंगावर धांवतो. कृष्ण त्यास आवरतो, भीमाची प्रतिज्ञा व मैत्रेयाचा शाप यांची आठवण देतो. परंतु गुरूचें समाधान होत नाहीं. हा पांडव लोकांत जिह्मयोधी, म्हणजे वांकडा लढणारा, म्हणून ओळखला जाईल, असें सांगून तो द्वारकेस निघून जातो.

येथें गुरूचें वर्तन बारकाईनें पाहण्यासारखें आहे. विजयी शिष्य त्याचाच आहे, त्या विजयाची कीर्ति त्यालाही लागणार आहे, आणि पराभूत पक्ष अन्यायी आहे हें सर्व भारतास ठाऊक आहे. तरीही त्याचा राग पराभवाचा नसून डागाचा आहे. आपल्या हाताखालून गेलेल्या मुलानें मार्ग सोडला, याची लाज गुरूस वाटली पाहिजे, हा विचार इतक्या उघडपणें दुसऱ्या कोणत्या जुन्या ग्रंथांत आला असल्यास तो आमच्या वाचनांत नाहीं. त्याच महाभारतांत याच्या नेमका उलट गुरुही आहे. द्रोणाचार्य सर्व शिष्यांस पाणी आणावयास अरुंद तोंडाचे कमंडलु देत व आपल्या पुत्रास रुंद तोंडाचा घडा देत, हेतु हा कीं तो आधीं परत यावा व त्यास चार गोष्टी अधिक शिकवाव्या. अर्जुनानें ती युक्ति ओळखली व वारुणास्त्रानें आपला कमंडलु भरून तोही वेळेवर येऊं लागला. पुढें एकलव्याचा अंगठा गेला तोही अर्जुनाच्या बरोबरीस कोणी येऊं नये म्हणून. ज्या शाळेंत गुरुच पारडें धरून बसला तेथील शिष्य आपसांत कसे वागले, तें सांगावयास नको.

मध्ययुगीन साधनांविषयीं थोडक्यांत सांगतों. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानें बाराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणांत मानसोल्लास रचला. तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत श्रीगोंदेकरांनीं छापविला असून त्यांत मल्लविनोद नांवाचें प्रकरण आहे. वय, देह व शक्ति यांवरून मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार, त्यांची मेहनत, त्यांस अंतःपुरापासून दूर ठेवण्याची व्यवस्था, हें सर्व त्यांत आहे. डावांचीं नांवें आहेत, वर्णन नाहीं. राजा हा येथें पोशिंदा आहे, गुरु नव्हे. पुढें विजयनगरास इ. स. 1520 च्या सुमारास आलेला पोर्तुगीज पाएस महानवमीच्या कुस्त्या पाहून थक्क झाला. दांत पडावे, डोळे जावे, शुद्ध हरपलेल्या माणसांस मित्रांनीं उचलून न्यावें, असा तो मार होता. परंतु त्याच ठिकाणीं तो लिहितो कीं या मल्लांचे नायक व पंच असत, दोघांस मैदानांत समान पायावर उभें करणें व जिंकणारास मान देणें हें त्यांचें काम. हा उतारा सेवेलच्या 1900 सालच्या इंग्रजी ग्रंथांतून सर्वांस उपलब्ध आहे. हरिवंशांतील प्राश्निक हे केवळ कवीच्या कल्पनेंतले नव्हते, अशी साक्ष एका परक्याच्या, आणि मुळींच भारावून न गेलेल्या, लेखणींतून मिळाली हें महत्त्वाचें.

आतां आमच्या तालमीकडे येऊं. येथें कागदांपेक्षां शब्द अधिक बोलतात. आखाडा हा शब्द संस्कृत अक्षवाटापासून प्राकृताच्या वाटेनें आला. पण आखाड्याभोंवतींचे बहुतेक शब्द फारशी व अरबी आहेत. कुस्ती, पहिलवान, दंगल, शागीर्द, हौदा, सलामी, आणि उस्तादाचा वस्ताद. यांत तालीम हा शब्द सर्वांत विचार करण्याजोगा आहे. अरबींत त्याचा अर्थ शिकवणें, शिक्षण, एवढाच. नाटकाची तालीम म्हणतांना आपण तो जवळजवळ मूळ अर्थानेंच वापरतों. परंतु मराठींत त्याच शब्दानें एक वास्तु ओळखली जाऊं लागली. ज्या जागेंत माती आहे, मारुति आहे, जोर-बैठका निघतात, तिला आमच्या लोकांनीं बळाचें किंवा युद्धाचें नांव न देतां शिक्षणाचें नांव दिलें. आणि त्या वास्तूंचीं नांवें पाहा. पुण्यांत गोकुळ वस्ताद तालीम आहे, जगोबादादा तालीम आहे. मैदानें गाजविलेल्या शागीर्दांचीं नांवें एकदोन पिढ्यांत विरून गेलीं. दारावर राहिलें तें शिकविणाराचें नांव.

तालमींत वस्ताद नीति शिकवितो ती उपदेशानें नव्हे, रिवाजानें. पायांतलें पायताण बाहेर, मातीस हात लावून कपाळास, मारुतीस नमस्कार, मग थोरांस. अंगास तेल चोपडून हौद्यांत उतरणें गैर, कारण प्रतिपक्ष्याचा हात निसटतो. उलट कुस्तीच्या आरंभीं मल्ल एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, म्हणजे समोरच्यास आपल्याला धरतां यावें अशी सोय स्वतःच्या हातानें करून देतात. करीषाचा धर्म तो हाच, असें आम्हांस वाटतें. तोयधर्माचें, म्हणजे पाण्याच्या रिवाजाचेंही नांव हरिवंशांत त्याच्या जोडीनें आलें आहे. मोठा पहिलवान लहान मुलाशीं लढत करतो तेव्हां आपलें बळ राखून करतो. पोर डाव टाकतें, मोठा तो डाव पूर्ण होऊं देतो, व मग त्याची तोड दाखवितो. दिवसांतून दहा वेळां आपणांहून बलवान माणूस आपल्यावर बळ न वापरतां थांबतो, हें ज्या मुलानें पाहिलें त्यास वेगळें पुस्तक लागत नाहीं. मैदानांत जोड लावतांनाही वस्तादाचा शब्द शेवटचा. पोरगा कितीही शड्डू ठोको, वस्तादास जोड विषम दिसली तर तो हातास धरून त्यास मागें घेतो, आणि मथुरेच्या स्त्रियांनीं केलेली तक्रार करण्याची पाळी प्रेक्षकांवर येत नाहीं.

परंतु वस्तादाचें हें चित्र एकरंगी नाहीं. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, ही म्हण आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. तिच्यामागची कथा शेख सादीच्या गुलिस्तानांत आहे. गुलिस्तान 1258 सालीं पुरें झालें व पुढें शतकानुशतकें फारशी शिकणाऱ्यांचें तें पाठ्यपुस्तक होतें. कथेंतील उस्तादास 360 डाव येत. एका आवडत्या शागीर्दास त्यानें 359 शिकविले. शागीर्द राजापुढें फुशारकी मारूं लागला कीं उस्तादाचा मान वयामुळें व शिकविल्यामुळें, बळांत मी कमी नाहीं. राजानें दोघांची कुस्ती लावली, आणि उस्तादानें राखून ठेवलेल्या एका डावानें त्यास डोक्यावर उचलून आपटलें. राजानें उस्तादास वस्त्रें दिलीं व शागीर्दाची निर्भर्त्सना केली. लोक ही कथा शिष्याच्या उन्मत्तपणाची म्हणून सांगतात. आम्हांस ती गुरूच्या अविश्वासाचीही वाटते. 359 डावांबरोबर त्या मुलास नम्रता शिकविली असती तर तीनशेंसाठावा राखून ठेवण्याचें कारण पडलें नसतें. द्रोणाचा रुंद तोंडाचा घडा व या उस्तादाचा राखलेला डाव हीं एकाच घरचीं भांडीं आहेत.

पेशवाईअखेरच्या वस्तादांत बाळंभटदादा देवधर यांचें नांव सर्वश्रुत आहे. निजामाकडील अली व गुलाब या पहिलवानांनीं पुण्यास येऊन दिलेलें आव्हान, बाळंभटांनीं मागून घेतलेली मुदत, सप्तशृंगीवरील अनुष्ठान, तेथें वानराच्या चपळाईवरून सुचलेला मल्लखांब, अलीचा पराभव व गुलाबाची माघार, ही कथा व्यायामविषयक ग्रंथांतून पुनःपुनः आली आहे. बडोद्याहून दहा खंडांत निघालेल्या मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशानेंही या घराण्याच्या परंपरेस मोठें स्थान दिलें आहे. कथा म्हणून ती उत्तम आहे. इतिहास म्हणून तिचा स्वीकार समकालीन कागदाच्या आधारेंच करावा, असें आमचें मत आहे. मल्लखांब तर नांवासकट मानसोल्लासाच्या काळापर्यंत मागें नेतां येतो, म्हणून बाळंभटांस त्याचे जनक न म्हणतां पुनरुज्जीवक म्हणणें अधिक बरोबर. त्यांचा निर्विवाद मोठेपणा निराळाच आहे. दुसऱ्या बाजीरावाबरोबर विठूरास गेल्यावर राज्य नव्हतें, मैदान नव्हतें. राहिली होती ती शिष्यांची माळ. कोंडभट गोडबोले यांच्यासारख्या शिष्यांनीं ती विद्या काशीच्या आखाड्यांत नेली व तेथून ती पसरली.

याहून जवळचें व अधिक निश्चित उदाहरण बडोद्याचें आहे. राजरत्न प्रो. माणिकराव हे हिंदी हुकुमांच्या कवाइतीचे प्रवर्तक म्हणून विख्यात झाले. त्यांस स्वतःच्या नांवानें संस्था काढतां आली असती. त्यांची संस्था आजही जुम्मादादा व्यायाममंदिर या नांवानेंच ओळखली जाते, आणि जुम्मादादा हे त्यांचे मुसलमान उस्ताद. हिंदु शिष्यानें मुसलमान गुरूचें नांव मंदिर या शब्दास जोडून दारावर लाविलें, व बडोद्याच्या लोकांस त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. कोल्हापुरांत बाबूजमाल, काळा इमाम हीं तालमींचीं नांवें याच जातीचीं आहेत.

येथें विलायती मैदानाच्या कैवाऱ्यांस एक आठवण द्यावीशी वाटते. पुण्याच्या ज्या गोऱ्या जिमखान्यावर पळवणकर बाळूनें गोलंदाजीचा सराव केला, व ज्या हिंदु संघास त्यानें सामने जिंकून दिले, त्यांपैकीं एकानेंही त्यास समान पंक्तीला घेतलें नाहीं. मैदानाबाहेर त्याचा चहा वेगळ्या भांड्यांतून येई, आणि हिंदूंचें कर्णधारपद त्यास अखेरपर्यंत मिळालें नाहीं. 1923 सालीं तें त्याच्या भावास, विठ्ठलास, मिळालें. समान पायावर उभें करण्याचें जें काम पाएसनें पाहिलेले नायक करीत, तें या प्रकरणांत ना गोऱ्यांनीं केलें, ना आम्हीं.

शेवटीं एक अर्वाचीन प्रसंग देतों, कारण तो हरिवंशाच्या उताऱ्यास विलक्षण रीतीनें जुळतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे वडिलांच्या हाताखालीं पांचव्या वर्षीं मातींत उतरले. 1948 सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यास पैसे नव्हते, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. हेलसिंकीस बँटम वजनांत जपानच्या इशी याच्याशीं त्यांची लांबलेली कुस्ती झाली, व त्यानंतर लागलींच रशियाच्या मामेदबेकोव्ह याच्याशीं लढण्यास त्यांस बोलावण्यांत आलें. दोन कुस्त्यांमध्यें निदान अर्ध्या तासाची विश्रांति द्यावी असा नियम होता. परंतु तो सांगावयास आमचा एकही अधिकारी त्या वेळीं मॅटच्या कांठावर हजर नव्हता, असें सांगतात. खाशाबा दमलेले तसेच उतरले व हरले. इशीस सुवर्ण, मामेदबेकोव्हास रौप्य व खाशाबांस कांस्यपदक मिळालें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक. दमलेल्या मल्लाचा श्रम वेळेकडे लक्ष ठेवणारांनीं घालवावा, हा नियम सांगणारे यादव मथुरेस होते, हेलसिंकीस नव्हते.

एवढ्यावरून दिसेल कीं ग्रंथांतील नियम व मैदानांतील निकाल हे दोन्ही आम्हांस बऱ्यापैकीं ठाऊक आहेत. मधला दुवा, म्हणजे वस्तादानें एखाद्या विशिष्ट मुलास प्रत्यक्ष काय सांगितलें, केव्हां मागें घेतलें, कोणत्या वागणुकीबद्दल तालमींतून काढलें, याविषयीं मात्र लेखी साधनें फारच तुटपुंजीं आहेत. दरबारी हिशेबांतून पहिलवानास काय मिळालें तें कळतें, तो कसा वागला तें कळत नाहीं. तें तालमींच्या स्वतःच्या दप्तरांत सांपडेल : शागीर्दांच्या नोंदीच्या वह्या, जोडी ठरविल्याच्या याद्या, मैदानाचीं हस्तपत्रें, एका तालमीनें दुसरीस पाठविलेलीं आव्हानाचीं व तक्रारींचीं पत्रें. अशा कागदांस संग्राहक सहसा हात लावीत नाहींत, कारण त्यांवर शिक्का नसतो व मोडी बहुधा वाईट असते. जुन्या तालमींच्या इमारती पाडून नव्या बांधल्या जातात त्या वेळीं तसबिरी तेवढ्या उतरवून ठेवतात आणि फडताळांतील वह्या रद्दींत जातात. ज्या वाचकांच्या गांवीं अशी एखादी तालीम असेल त्यांनीं तिच्या वस्तादांस भेटून या वह्यांची चौकशी करावी व निदान त्यांच्या नकला करून घ्याव्या, अशी विनंती आहे.